सात घरांची चक्री

चाळीस वर्षं मी कवळ्या बनवल्या, वार्काउसमध्ये,
तलावाकाठच्या दवाखान्यामागच्या खोलीत.
वरचा जबडा खालच्याला कुठे भेटतो
ते माझ्या बोटांना डोळ्यांआधी कळतं.
म्हणून असेल,
रिव्हॉल्व्हर हातात आलं की मी नळीत डोकावत नाही,
आधी चक्री फिरवून बघते.

रेइयो म्हणायचा, चमचे जमव की, चांदीचे,
लोक कौतुक तरी करतील.
आता तो नाही. चमचे चार आहेत,
रिव्हॉल्व्हरं अकरा, पोलादी कपाटात, परवान्यासकट.
दर वर्षी पोलिसांतला एक पोरगा येऊन मोजून जातो
आणि कॉफी पिताना कपाटाकडे पाठ करून बसतो.
मी आजवर एकही गोळी झाडलेली नाही.

अकरांतलं खरं दुर्मीळ एकच :
तुलाच्या कारखान्यातलं, झारच्या काळचं, शिपायाचं.
दर गोळीला घोडा अंगठ्याने मागे ओढायचा.
अधिकाऱ्याला नुसता चाप पुरे होता;
शिपायाने म्हणे गोळ्या उधळू नयेत.
पुढे बहुतेकांची दुरुस्ती झाली, सगळी सारखी झाली.
हे तेवढं सुटलं.
बाजूला चौकटीत दोन अक्षरं, फिनिश सैन्याचा शिक्का,
म्हणजे मेलेल्याच्या कमरेचं,
नाहीतर पळताना बर्फात टाकलेलं.

पण अंगावर ७४१३
आणि चक्रीवर ९०२६.

जमवणारे याला खोट म्हणतात. किंमत निम्मी.
एकोणीस वर्षं मी त्या चक्रीच्या मागावर होते.
लिलावाच्या याद्या चाळल्या,
ओळख ना पाळख, विधवांना पत्रं लिहिली,
त्यांनी उत्तरात नवऱ्यांची दुखणी कळवली.
मग लिएक्साहून चिठ्ठी आली,
ओइवा तुरुनेन, आरागिरणीतला निवृत्त माणूस,
अक्षर फळी तासल्यासारखं :
तुमची ७४१३ माझ्या ९०२६च्या पोटात आहे.
एवढंच. खाली बसचं वेळापत्रक.

जानेवारी. तीन वाजता खिडकी काळी झाली.
त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर करडं घोंगडं पसरलं,
दोन्ही रिव्हॉल्व्हरं शेजारी ठेवली,
आणि आम्ही दोघंही थांबलो.
असंच कुणीतरी बसलं असणार. दोघं,
कंदिलावर टोपी टाकून, तेलाची एकच चिंधी,
बोटं गारठलेली, बाहेरून हाक,
आणि अंधारात ज्याच्या हाताला जी लागली ती.
कोण कोणाचा, कोण परत आलं,
ओइवा म्हणाला, ते काही नंबरात लिहीत नाहीत.

आस ओढले. चक्र्या बदलल्या.
सातीला सात, नवाला नऊ, कोऱ्या वधूवरांसारखं सगळं जुळलं.
मी घोडा ओढला.
या जातीत चक्री पुढे सरकते, नळीला तोंड भिडवते,
मधली फट बुजते. तीच तर तिची खासियत.
पहिलं घर. दुसरं. तिसरं.
चौथ्याला अडलं.
केसाएवढं, पण मी अशा केसापायी माणसं परत बोलावली आहेत,
खुर्चीत बसवून पुन्हा चावायला लावलं आहे.
ओइवाचं सहाव्याला अडलं.

ऐंशी वर्षं नांदलीय परक्या घरात, तो म्हणाला,
आता माहेरी कशी बसेल?
कानस होती त्याच्याकडे. माझ्या पर्समध्येही होती,
दातांची, बारीक, सवयीने ठेवलेली.
दोघांनीही काढली नाही.

आणल्या तशा चक्र्या परत घातल्या.
साती घरं लोण्यासारखी फिरली.
मग त्याने राईचा पाव कापला, खारवलेला मासा वाढला,
त्याच्या गुडघ्याबद्दल खूप वेळ बोलला,
बस चुकणार होती जवळजवळ.

यंदाचा पोरगा नवा होता, नियमाने वागणारा.
पट्टी धरून अकराच्या अकरा वाचली,
एकापाशी थबकला : बाई, इथे नंबर जुळत नाही.
हो, म्हटलं.
चुकलंय असं लिहू?
जुळत नाही, एवढंच लिही.
आणि तो लिहीत होता तोवर
मी त्याच्यासाठी चमचा शोधत राहिले, चांदीचा.